आत्मीय भेट समाविष्ट

सदर इसम वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, वर्ण उन्हाने ठरवलेला, बांधा पुढे झुकलेला, चेहऱ्यावर हसू कायमस्वरूपी. व्यवसाय खासगी मार्गदर्शक, दिवसाच्या बोलीवर. परवाना चालू स्थितीत, गळ्यात. भाषा चार, पैकी तीन अवगत. वर्तणूक चांगली. सदर इसमास शहरातील सर्व रस्ते, गल्ल्या, बोळ व आडवाटा तोंडपाठ असल्याची खात्री सक्षम अधिकाऱ्याने समक्ष करून घेतलेली आहे. परदेशी पाहुण्यांनी निःशंक मनाने त्याच्या मागून चालावे.

आमच्या जिन्यात त्याला वाटाड्या म्हणतात. त्याच्या मागून चालणं मात्र अवघड आहे, कारण तो स्वतः उलटा चालतो. तोंड पाहुण्यांकडे, पाठ शहराकडे. पंचवीसेक वर्षं त्याने हे शहर पाठीनेच पाहिलं आहे. हॉटेलातल्या टेबलावरून ओलं फडकं फिरवल्यावर जो चिकट ओलावा मागे राहतो, तसं त्याचं हसू आहे. कशाचं आहे ते कळत नाही, पण कोपर टेकवू नये एवढं कळतं.

खोटं बोलण्याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो धंद्याचा भाग आहे. जुन्या पेठेतल्या एका भिंतीला भोक आहे, त्यातून पूर्वी कापड दुकानाच्या एसीचा पाइप जायचा. वाटाड्या ते तोफगोळ्याचं म्हणून दाखवतो. पाहुणे त्यात बोट घालतात, गंभीर होतात, आणि मग ते बोट कशाला पुसावं या विचारात पडतात. इथवर सगळं ठीक होतं. भिंतीचं काय जातं?

पुढचं एका बंद संग्रहालयापासून सुरू झालं. दुरुस्तीसाठी म्हणून दाराला कुलूप होतं, पाहुणे तिघे होते, आणि त्यांतल्या बाईंना लघवीला जायचं होतं. वाटाड्याने अक्कल लढवली आणि तिघांना घरी आणलं. बाई आत गेल्या त्या मोरीकडे, आणि बाहेर आल्या तेव्हा वाट चुकून आतल्या खोलीत शिरल्या. तिथे खाटेवर नाना पडले होते. बाईंनी हात छातीशी धरले आणि त्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी वाटाड्याच्या जाहिरातीत एक ओळ वाढली: ‘एका स्थानिक कुटुंबाची आत्मीय भेट समाविष्ट.’ या ओळीचा उगम मोरीत आहे, हे वाचकाने पुढे जाताना विसरू नये.

नाना म्हणजे वाटाड्याचे वडील. पालिकेत आरोग्य निरीक्षक होते. बाजारात त्यांची चाहूल लागली की उघड्यावरची भजी झाकली जायची आणि तोंडात गोळा केलेलं गिळलं जायचं. थुंकणाऱ्याला नानांकडे माफी नव्हती. एका बड्या अधिकाऱ्याच्या मेहुण्यालाही त्यांनी भर चौकात खाली वाकून आपली थुंकी पुसायला लावली होती, अशी आख्यायिका आहे. पोटच्या पोरालाही सोडलं नाही. वाटाड्या शाळकरी असताना जिन्यात थुंकला, तर तळापासून गच्चीपर्यंत सगळा जिना त्याच्याकडून धुऊन घेतला. नाना स्वतः वर उभे राहून कोपरे दाखवत होते. आमच्या जिन्यातली जुनी माणसं ही गोष्ट अजून चवीने सांगतात. त्या गोष्टीत हा जिना शेवटचा स्वच्छ होता.

नानांचा शर्ट इस्त्रीचा, नखं कापलेली, दाढी रोजच्या रोज. मग अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, बोलता तेवढं येणार नाही. त्यानंतर सून चष्म्याच्या दुकानात कामाला जाण्याआधी त्यांची दाढी करायची. गालाला साबण लावला की नाना डावा हात वर करून हनुवटीखालची जागा दाखवायचे, तिथे नेहमी राहून जायचं. आयुष्यात एवढंच उरलं होतं त्यांना: स्वच्छ असणं आणि कुणी न शिवणं.

आत्मीय भेटीला दाढी चालेना. वाटाड्याने बायकोला सांगितलं की पांढरी खुंटं बरी दिसतात, राहू देत. इस्त्रीचा शर्ट गेला, भोकं पडलेला बनियन आला. पाहुणे यायच्या वेळी फ्रिजवर चादर पडायची आणि टीव्हीवर घोंगडी, कारण गरिबाघरी फ्रिज दिसला की पाहुण्यांना आपण फसवले गेलो असं वाटतं. बायको त्या वेळी दुकानात असायची. संध्याकाळी येऊन ती चादर काढायची आणि म्हणायची, दूध नासलं. मागच्या जाळीची हवा चादरीने कोंडते आणि आतला गारवा जातो, हे वाटाड्याला कुणी सांगितलं नव्हतं. पाहुण्यांनी तसं कधी विचारलं नव्हतं.

नानांचा धंदाही बदलण्यात आला. आरोग्य निरीक्षक पाहायला समुद्र ओलांडून कोण येतो? नाना नावाडी झाले. पिढीजात, या नदीवरचे शेवटचे. वास्तविक नानांना पाण्याची शिसारी होती. पुलावरून जातानासुद्धा ते रस्त्याच्या मधोमध चालायचे. मौनाचीही सोय लावली गेली. धाकटा मुलगा पुरात गेला, तेव्हापासून म्हातारा बोलला नाही, असं वाटाड्या पाहुण्यांच्या भाषेत सांगायचा. ती भाषा नानांना येत नव्हती. पण वाटाड्या हातवारे करून सांगणारा माणूस. आधी दोन्ही हातांनी वल्ही मारायचा, मग नानांकडे बोट, मग गुडघ्याच्या उंचीवर पोराचं डोकं, आणि मग पालथा तळवा हळूहळू खाली, खाली, चटईपर्यंत. नाना हे रोज पाहायचे. त्यांना मुलगा एकच होता, तो समोर उभा राहून स्वतःलाच बुडवत होता.

पाहुण्यांचे हात असतात, हा त्यांच्यातला मोठा दोष आहे. नुसते डोळे घेऊन आले असते तर निभावलं असतं. कुणी नानांच्या पावलांना हात लावायचं, कुणी केसांवरून फिरवायचं, आणि जिना उतरताना हमखास पिशवीतून सुगंधी ओला कागद काढून बोटं पुसायचं. ते कागद कोपऱ्यात पडायचे. आमचा पहारेकरी म्हणायचा, आत्मीयता झाडायला झाडू पुरत नाही.

सुनेने हे सगळं पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं, ते दुकानात वीज गेली म्हणून लवकर सुटली त्या दिवशी. दारातूनच तिला तेलकट मलमाचा वास आला. उन्हासाठी अंगभर मलम चोपडलेला एक जाडजूड निवृत्त गृहस्थ खाटेवर, नानांच्या अंगाला अंग लावून बसला होता. नानांची हनुवटी त्याने बोटांनी वर केली होती, गालाला गाल टेकवला होता, आणि दुसऱ्या हातात फोन लांब धरून दोघांचा फोटो काढत होता. नानांचा जबडा हलत होता. अर्ध्या तोंडाने गोळा करायला वेळ लागतो. गृहस्थाने फोटो पाहिला, खूश होऊन नानांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि नाना त्याच्या मनगटावर थुंकले.

जन्मात पहिल्यांदा. मोरी सोडून इतर कुठे, असं म्हणायचं आहे.

हीच काय ती वेळ होती. वाटाड्या माफी मागू शकत होता, पाहुण्याला उठवू शकत होता, बापाचं तोंड पुसू शकत होता. त्याचं हसू क्षणभर जागचं सुटलं, आणि मग पुन्हा बसलं. तो अत्यंत आदराने म्हणाला, तुम्ही नशीबवान आहात. जुने नावाडी हा आशीर्वाद प्रत्येकाला देत नाहीत.

गृहस्थाचे डोळे पाणावले. त्याने मनगट पुसलं नाही. दोन बोटांनी थुंकी टिपली आणि कपाळाला लावली.

सून मोरीत गेली आणि तिने दुपारचं जेवण उलटून टाकलं. बाहेरून वाटाड्याने पाहुण्याला समजावलं की ही माझी पत्नी, हिला भरून आलं आहे.

त्या रात्री जे बोलणं झालं ते भिंतीला कान न लावताही ऐकू आलं. वाटाड्याचं म्हणणं साधं होतं. नाना नुसते पडून असतात, त्या निमित्ताने चार माणसं भेटतात, कुणाचं काय वाईट झालं? आणि वेळ त्याने सांभाळून नेली नसती तर परवाना गेला असता. बायको एवढंच म्हणाली की पुन्हा त्या खोलीत परका माणूस दिसला तर ती नानांना घेऊन वन्संकडे जाईल. वन्सं म्हणजे वाटाड्याची थोरली बहीण. तिने मागच्याच वर्षी शहराच्या पार टोकाला, नव्या वसाहतीत घर घेतलं होतं. वास्तुशांतीचं बोलावणं होतं, पण वाटाड्याला त्या दिवशी पाहुणे होते. मग केव्हातरी जाऊ म्हणून राहूनच गेलं. तिकडे बघण्यासारखं काही नाही, असं त्याचं व्यावसायिक मत होतं.

बायकोच्या धमकीचा उपयोग झाला असता, पण मलमवाल्या गृहस्थाने मायदेशी जाऊन सगळं लिहिलं. इंटरनेटवर, फोटोसकट. आपण जगभर देवळं, मठ, मशिदी पाहिल्या, पण पवित्र असं काही वाटलं ते एका मुक्या नावाड्याच्या खाटेपाशी, असं त्याने लिहिलं आणि पाचपैकी पाच तारे दिले. पुढच्याच आठवड्यात एक जोडपं आलं, आणि दोघांनी खाटेसमोर गुडघे टेकून मनगटं पुढे केली.

नानांनी तोंड मिटलं. आपल्या हातात एकच गोष्ट होती ती लोकांनी प्रसादासारखी वाटून घेतली, हे त्यांना कळलं असणार. त्या दिवसापासून त्यांनी ओठ घट्ट आवळून ठेवले. डाव्या बाजूने आवळायचे, उजवी बाजू उघडी राहायची, तिथून लाळ गळायची आणि ते ती परत आत ओढून गिळायचे. पाहुणे मनगट धरून ताटकळायचे. दोघा-तिघांनी तक्रार केली की इंटरनेटवर लिहिलं तसं झालं नाही.

तेव्हा वाटाड्याने लिंबू आणलं.

उशीखाली फोडी सापडल्या त्या सुनेला, अंथरूण बदलताना. चोथा झालेल्या, चावलेल्या, एकीवर साखर. साखर कदाचित प्रेमाने लावली असेल. तिने नानांच्या तोंडात बोट घालून पाहिलं तर जीभ आणि गालाची आतली बाजू सोलून निघाली होती. वाटाड्या घरी आला तेव्हा ती खाटेच्या काठावर बसली होती, हातात ती फोड.

“हे काय आहे?”

“तोंडाला चव नसते गं त्यांच्या. जरा आंबट बरं वाटतं.”

“कुणाला बरं वाटतं?”

“उगाच तोंडाला लागू नकोस. घर कशावर चालतं, माहीत आहे ना?”

“उद्यापासून तुम्ही पडा खाटेवर,” ती म्हणाली. “लिंबू मी धरते.”

वाटाड्या हसला. त्याला वाटलं, राग निवळला.

सकाळी तो हॉटेलवर पाहुणे घ्यायला गेला आणि बहिणीच्या नवऱ्याची सामान वाहायची गाडी दारात लागली. सून त्या दिवशी दुकानात गेली नव्हती. तिने नानांना अंघोळ घातली, दाढी केली, हनुवटीखालची जागा नानांनी दाखवली तशी पुन्हा केली, कडक इस्त्रीचा शर्ट चढवला. पहारेकरी आणि मेहुणे यांनी नानांना खुर्चीसकट उचललं. आम्ही सगळे आपापल्या दारात उभे होतो, माणसं अशा वेळी असतात तशी, काही न करता. मधल्या वळणावर नानांनी डावा हात वर केला. खुर्ची थांबली. निरोप घेत असतील म्हणून दोघी-तिघींनी पदराने नाक पुसायला घेतलं. नाना कोपऱ्यातल्या भिंतीकडे बोट दाखवत होते. तिथे कुणाची तरी पिचकारी होती, तांबडी, जुनी, आणि खाली सुगंधी कागदांचा लगदा. बोट हलेना. शेवटी खुर्ची पायरीवर टेकवून पहारेकऱ्याने बादली आणली आणि कोपरा धुतला. नानांनी वाकून पाहिलं, मान हलवली, आणि मग खाली नेऊ दिलं.

दुपारी वाटाड्या दोन मावश्यांसारख्या पाहुण्यांना घेऊन वर आला. फ्रिजवर चादर नव्हती, तो घरघरत होता. आतल्या खोलीत खाट होती, खाटेवर कुणी नव्हतं. आम्ही याच जिन्यात राहतो, दार उघडं होतं, म्हणून सांगतो: त्याला हे समजायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात त्याचा चेहरा प्रथमच एखाद्या माणसासारखा दिसला. पाहुण्यांपैकी थोरलीने हळूच विचारलं, म्हातारे कुठे आहेत?

वाटाड्याने खाटेकडे पाहिलं. मग त्याने दोन्ही हातांनी वल्ही मारली, सावकाश, आणि पालथा तळवा खाली नेला, चटईपर्यंत. त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. जाताना एकीने केसांतलं फूल काढून उशीवर ठेवलं.

बहिणीला त्याने संध्याकाळी फोन केला. नाना कसे आहेत हे विचारलं, बायकोला दे म्हणाला, आणि मग घराचा पत्ता मागितला.

“शोध की,” ती म्हणाली. “गाईड आहेस ना तू?”

नव्या वसाहतीत सगळ्या इमारती सारख्या आहेत म्हणतात. बायको अजून त्याच चष्म्याच्या दुकानात जाते. संध्याकाळी दुकान सुटल्यावर तिच्या मागे गेलं तर घर सापडेल, हे पहारेकऱ्याने त्याला सुचवून पाहिलं. पण संध्याकाळी त्याची नदीवरची फेरी असते.

आत्मीय भेट चालू आहे. खाट तीच, चादर बदलत नाहीत, उशीवर फुलं वाळतात आणि त्यावर मुंग्या होतात. पाहुणे खाटेला हात लावतात, आणि जिन्यात येऊन पुसतात. कोपरा परत तांबडा झाला आहे. परवान्याचं यंदा नूतनीकरण झालं. शहरातील सर्व रस्ते, गल्ल्या, बोळ व आडवाटा तोंडपाठ असल्याची खात्री पुन्हा एकदा समक्ष करून घेण्यात आली.

बहिणीचं घर त्याला अजून माहीत नाही.