चार दिवसांचा कोरडा भात

दापोडीत रेल्वेलाईनजवळ भाईंचं दुचाकीचं गॅरेज होतं. माझी बाईक तिथं दुरुस्तीला जायची, त्यातून ओळख झाली आणि पुढं बारा वर्षं आम्ही दोघं डोंगर चढलो. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला, राहायला रहाटणीत. गुरुवारी आम्हा दोघांनाही सुट्टी. भाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, पण चढावर नेहमी मीच मागं.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता त्यांच्या पायांवर सूज दिसायला लागली. तपासण्या झाल्या. दोन्ही किडन्या जवळपास गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, डायलिसिस आज ना उद्या सुरू करावंच लागेल. मग आठवड्यातून तीन दिवस हॉस्पिटल, सलग चार दिवस कुठं जाता येणार नाही.

बाहेर आल्यावर भाई म्हणाले, "म्हणजे त्याच्या आधी जायचं, राव. नाणेघाट ते भीमाशंकर. किती वर्षं नुसतं बोलतोय आपण."

मी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. त्यांच्या तोंडाकडं बघून मला ते जमलं नाही. मी म्हणालो, "खायला काय न्यायचं?"

गरम पाणी ओतलं की तयार होणारी पाकिटं मी मागवली. पोहे, राजमा-भात, डाळ-खिचडी. वजनाला हलकी, चार दिवसांचं जेवण एका सॅकमध्ये मावेल अशी. एका गुरुवारी गॅरेजचं शटर अर्धं ओढून आम्ही डॉक्टरांनी दिलेला पथ्याचा कागद समोर ठेवला आणि एकेका पाकिटावरचा मजकूर वाचायला बसलो. कंपनीत पार्ट तपासतो तसा मी वाचत होतो. एकाच पाकिटात त्यांना दिवसभर चालेल तेवढं मीठ. राजमा नको, टोमॅटो नको, बटाटा नको. शेंगदाणे, खजूर, सुकामेवा, म्हणजे आजवर आम्ही ज्याच्या जोरावर चाललो ते सगळंच नको. एकेक पाकीट मी बाजूला ठेवत गेलो. शेवटी समोर फक्त कागद उरला.

"आपण घरी बनवू," भाई म्हणाले.

भाईंच्या बायकोनं, भाभींनी, भात शिजवून गच्चीवर ओढणीखाली वाळत घातला. दुधी उकडून, पाणी फेकून, त्याच्या चकत्या उन्हात ठेवल्या. मीठ कशातच नाही. आठवडाभरानं सगळं वाळून कडकडीत झालं. भाभी जिन्यात मला हळूच म्हणाल्या, "तुम्हाला माहितीये ना, ते जाऊ शकणार नाहीत?"

"माहितीये."

"मग हे कशाला करतोय आपण?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा भात वाळत घातला होता.

गॅरेजमध्ये स्टोव्हवर पाणी तापवून आम्ही एक पुडी करून पाहिली. भात पंधरा मिनिटांत फुलला. भाईंनी घास घेतला, बराच वेळ चावला.

"कशाचीच चव नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून हसले. "पण चालेल. डोंगरात भूक लागते."

निघायला नऊ दिवस असताना त्यांना श्वास पुरेना. फुप्फुसात पाणी झालं होतं. हॉस्पिटलात नेलं त्याच दिवशी डायलिसिस सुरू झालं.

वॉर्डात मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. मानेत नळी घातली होती, त्यामुळं ते मान वळवत नव्हते. म्हणाले, "भावा, तू जा. सगळं बांधून ठेवलंय. खाऊन बघ आणि मला सांग."

मी गेलो. एकटाच. पहिल्या दिवशी नाणेघाटाच्या वर बसून तो भात खाल्ला, घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी वाटेतल्या वाडीतून मीठ मागून घेतलं आणि भातावर टाकलं. गोड लागला. पोटभर खाल्ला. खाताना स्वतःची इतकी लाज वाटली की पुढं चालवेना. अर्ध्या वाटेवरच्या आहुपे गावात उतरलो आणि मिळेल त्या गाडीनं परत आलो.

भाईंनी विचारलं, "भीमाशंकरला पोचलास?"

"पोचलो."

"भात कसा होता?"

"चांगला होता."

त्यांनी डोळे मिटले. त्यांना ते खरं वाटलं नसावं.

त्यांच्या भावानं किडनी द्यायचं कबूल केलं होतं. तपासण्या अर्ध्यावर असताना तो गावी गेला आणि फोन उचलेनासा झाला. भाभींना साखरेचा आजार, त्यांची चालणार नाही. दुसरं कुणी नाही. प्रतीक्षा यादीत नाव आहे.

गॅरेज आता दुसऱ्याला चालवायला दिलंय. गुरुवारी मी भाईंना हॉस्पिटलात घेऊन जातो. चार तास मशीन चालू असतं. आधी आम्ही वाटांबद्दल बोलायचो, कुठला कातळ, कुठं पाणी. अलीकडं ते भिंतीकडं बघत पडून असतात. मी शेजारी बसतो.