आमच्या विहिरीची भरती

माझी मुलगी अकरावीत गेली आणि तिला विहिरीचं वेड लागलं. कळशी घेऊन जायची ती तिकडचीच व्हायची. इकडे मी चुलीशी ताटकळत उभी, आणि ही बया काठावर ओणवी होऊन आत बघतेय. मी ओरोसला सरकारी कचेरीत कारकून आहे. सकाळची बस, संध्याकाळची बस, मधे दिवसभर साहेबांची तोंडं. घरी येऊन पुन्हा कळशीभर पाण्याची वाट बघायची म्हटल्यावर माझं डोकं फिरायला वेळ लागत नाही. एवढं काय त्या विहिरीत बुडालंय, म्हणून मी रोज तिची हजेरी घ्यायची.

आमचं गाव मालवण-कसाल रस्त्यापासून आत, खाडीच्या अंगाला आहे. विहीर, आमच्या बोलीत बाव, वाडीची, सगळ्यांची, आतून चिऱ्यांनी बांधलेली. एका रविवारी दुपारी मी तिला दंडाला धरून आणायला गेले, तर तिनेच मला खाली बसवलं. आतल्या एका चिऱ्यावर तिने कोळशाने रेघ मारली होती, ती दाखवली. पाणी रेघेच्या बरंच खाली होतं. दुपारचं कुणी पाणी काढत नाही, सगळं कसं स्तब्ध. माझे पाय बधिर व्हायला आले तेव्हा पाणी रेघेला टेकलं, आणि मग रेघ बुडाली. मार्च महिना, आभाळात ढगाचा ठिपका नाही. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. तिने सांगितलं, खाडीला भरती आली की थोड्या वेळाने आमच्या गोड्या पाण्याच्या विहिरीलाही भरती येते. लग्न होऊन आल्यापासून मी तिचं पाणी काढतेय, पण मी कधी आत बघितलंच नव्हतं, नुसती कळशी बघितली होती.

त्याच सुमारास उन्हाळी विज्ञान शिबिरांचे अर्ज सुरू झाले. दोन शिबिरं तिच्या नजरेत होती, दोन्ही पुण्यात, दोन्ही मे महिन्यात, तारखा एकमेकींवर चढलेल्या. एक मोठं, नावाजलेलं. माझ्या कचेरीतसुद्धा त्याचं नाव ऐकून लोक मान डोलवायचे. तिथे गुणांवर निवड, आणि गुण तिला होते. दुसरं लहानसं, जेमतेम एका वर्गाएवढी मुलं घेणारं. त्यांना गुण नको होते. तुम्हाला पडलेला एक प्रश्न सांगा आणि त्यापायी तुम्ही काय केलंत ते सांगा, एवढंच. नंतर मुलाखत. मी म्हटलं, दोन्हीकडे टाक, कुठेतरी लागेल. ती म्हणाली, एकाच ठिकाणी टाकणार, लहान शिबिराला. मी कपाळावर हात मारून घेतला. पुढचं वर्ष बारावीचं, मग कुठली शिबिरं आणि कुठलं काय. गेली ही संधी तर गेलीच. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं, म्हणून मी तिला दोन दिवस धारेवर धरलं.

"आई, तिकडे माका काय येता ता विचारतत," ती म्हणाली. "हकडे माका काय कळणा नाय ता विचारतत."

मी कढी ढवळायला गेले.

विहिरीची मापं लिहून अर्ज गेला. एप्रिलमध्ये कळवलं, मुलाखत शनिवारी सकाळी, फोनवर व्हिडिओने, आणि जमलं तर विहीर आणि तुझ्या खुणाही दाखव. ही गोष्ट माझ्या नवऱ्याने वाडीत सांगितली. तो काजूच्या बागेत राबणारा माणूस, एरवी तोंडातून शब्द काढायचा नाही, पण लेकीचं कौतुक कसलं राहतंय पोटात.

शुक्रवारी संध्याकाळी ती कॉलेजातून आणि मी ओरोसहून, दोघी एकाच बसने उतरलो. विहिरीवर ही गर्दी. पंप लावलेला, पाणी पाटाने माडांच्या मुळाशी चाललेलं. दरवर्षी अक्षयतृतीयेच्या आसपास अख्खी वाडी मिळून विहीर उपसते, गाळ काढते, चिरे घासते. यंदा ते काम त्यांनी आधीच उरकलं होतं. माझे मोठे दीर तळात उभे होते, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात काथ्याचा ब्रश. काठाला ताजा चुना. वर बघून ते हसले.

"पुण्याची माणसा बाव बघतली," ते म्हणाले. "शेवाळ धरलेली बाव दाखवूची काय गो?"

शेवाळाबरोबर कोळशाच्या सगळ्या रेघा गेल्या होत्या. आणि मोजायला पाणीच नव्हतं. मोठ्या दिरांना मी काय बोलणार, आणि त्यांनी केलं ते मायेनेच. पण नवरा होता ना समोर. त्याला मी असा काही झाडला की पंप धरणारे दोघे माना खाली घालून पंप बंद करायला वळले. मला रडू येत होतं. पोरीने एकच अर्ज केला होता, आणि दाखवायच्या खुणा आमच्याच माणसांनी पुसून टाकल्या होत्या.

ती मात्र काठावर बसून आत बघत होती. मग तिने तिच्या काकांना सांगितलं की खाडीच्या बाजूच्या चिऱ्यांच्या फटीवर हात ठेवा. तिथून पाण्याची बारीक धार येत होती, पाणी भरलेलं असताना कधी दिसली नसती. ते हात लावून उभे राहिले. खाली खाडीला भरती लागली होती. सगळी वाडी काठावर गोळा झाली, पोरंटोरंसुद्धा वाकून बघत होती. धार जाड होत गेली. मग शेजारच्या फटीतूनही पाणी आलं.

"जोर वाढलो," खालून दीर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "मगाशी असो नव्हतो. कोणीतरी ढकलल्यासारख्या येता."

इतक्या वर्षांत त्यांनी कितीदा ती विहीर उपसली असेल. पाणी येतं कुठून, हे बघायला त्या संध्याकाळपर्यंत कुणी थांबलंच नव्हतं. मी माझ्या मुलीकडे बघत होते. ही माझ्या पोटची, आणि हिला हे बघायची दृष्टी कुणी दिली, मला कळेना. मला तिची थोडी भीतीसुद्धा वाटली.

सकाळी तिने विहिरीवरच्या माडाखाली बसून मुलाखत दिली. मी पलीकडे धुणं धुवायचं सोंग करत होते. खुणा गेल्या, हे तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं. आज विहीर उपशानंतर पुन्हा भरतेय, त्यामुळे भरती वेगळी मोजता येणार नाही, हेही सांगितलं. मग आदल्या संध्याकाळची धार सांगितली. फोनमधल्या बाईंनी विचारलं, आधी कळलं असतं तर थांबवलं असतंस का त्यांना?

"नाही," ती म्हणाली. "पाणी वाडीचं आहे. खुणा माझ्या आहेत, त्या मी परत घालीन."

बाईंनी नुसतं 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. मला वाटलं, संपलं सगळं.

त्यानंतर कितीतरी दिवस कळलं नाही. ईमेल माझ्याच फोनवर यायचा होता, म्हणून कचेरीत माझा एक डोळा फोनवर. एका दुपारी तो आला. निवड झाली होती. मी जिन्यात जाऊन पोटभर रडले. फोन करून सांगता आलं असतं, पण मला तिचं तोंड बघायचं होतं. बस कसालला नेहमीपेक्षा जास्त थांबली असं वाटून मी कंडक्टरशी उगाच हुज्जत घातली.

घरी पिशवी टाकून मी तशीच विहिरीवर धावले. ती काठावर ओणवी होती, चिऱ्यांवर कोळशाच्या नव्या रेघा. मी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने मागे न बघता हात वर केला.

"आई, जरा गप रव. पाणी चढता."

पाणी रेघेला लागेपर्यंत मी तोंड उघडलं नाही.