शंभर नमस्कारांचा नेम

मी मराठी दुसरी पास आहे. तिसरीत मास्तरांशी माझं पटलं नाही, म्हणून पाटी घरी आणली आणि पुन्हा नेली नाही. पण शाळेतून एक गोष्ट मी घेतली ती घेतलीच, ती म्हणजे नमस्कार. आठ अंगं जमिनीला कशी लागतात, श्वास कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा, हे त्याच मास्तरांनी शिकवलं. घरी येऊन मी ते धाकट्या भावाला शिकवलं. पाली गावापासून कोसभर आत आमची वाडी. पहाटे खळ्यात आम्ही दोघे शेजारी शेजारी नमस्कार घालायचो. शंभर पुरे झाल्याशिवाय पेजेला हात लावायचा नाही. मी मोठा, म्हणून मोजायचो मी.

वाडीतले लोक हसायचे. म्हणायचे, ह्यांना नांगराला जुंपा, आपोआप नमस्कार घडतील. पण गावच्या जत्रेत देवळापुढचा धोंडा आम्ही दोघांनीच छातीवर घेतला, तेव्हा हसणारे गप्प झाले. माझी छाती त्यांच्याहून चार बोटं रुंद होती, हे मी आजही सांगतो.

पंचवीस-सव्वीस सालची गोष्ट असेल. भावाचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. माझी बायको पहिल्या बाळंतपणात गेली होती आणि मी दुसरी केली नाही. घरात आई, मी आणि ती दोघं. चौघांना भात पुरेना, म्हणून भाऊ मुंबईला गिरणीत जायला निघाला. त्याला आगबोटीवर बसवायला मी रत्नागिरीच्या बंदरापर्यंत चालत गेलो. आगबोटीकडे नेणारा मचवा सुटायला वेळ होता.

"दादा, तिकडे जागा मिळो न मिळो, नेम मी मोडणार नाय," तो म्हणाला. "मोडशील तर तूच. तुला उठवायला आईला तीन हाका लागतात."

"मोडला तर काय देशील?"

"देणं-घेणं नको. ज्याचा मोडेल त्याने खरं कार्ड घालायचं. मग दुसराही सुटला."

मी हो म्हणालो. हसत म्हणालो, पण शब्द दिला तो दिला.

पहिली दोन वर्षं माझ्याकडून एक दिवस चुकला नाही. दर महिन्याला त्याचं कार्ड यायचं. खाली एक ओळ ठरलेली, नेम चालू आहे. माझ्याही कार्डात तीच ओळ. घरात लिहिणारा मी एकटाच. भावजयीचा निरोप असला तरी माझ्याच हाताने जायचा. ती माजघराच्या दाराआड उभी राहून सांगायची, मी ओटीवर बसून लिहायचो.

तिसऱ्या वर्षी आषाढात लावणी चालू होती. रोपांचा भारा डोक्यावर घेऊन शेताच्या मेरेवरून, बांधावरून येताना पाय सरकला आणि मी कमरेवर पडलो. पाठ अशी धरली की आठ दिवस कुशीवर वळता येईना. भावजयीने निर्गुडीचा पाला शेकून द्यायचा आणि आईने तो बांधायचा. नेम मोडला. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, हे आज कळतं. तेव्हा मी मनाशी म्हटलं, उठलो की भरून काढीन. उठलो तेव्हा म्हटलं, गणपती होऊ देत. गणपती झाले, भात कापून झालं, दिवाळी गेली. पाठ बरी झाली होती. अंगच उठेना. आणि दर महिन्याच्या कार्डात मी लिहीत होतो, नेम चालू आहे. माझा आधी मोडला, हे त्याला कसं कळवू? मी मोठा. शिकवणारा मी.

शिमग्याला भावाच्या खोलीतला एक गाववाला घरी आला. एका खोलीत वीस जण, पाळीपाळीने झोपणारे. भाऊ रात्रपाळीला. गाववाला हे भावजयीला सांगत होता, मी खळ्यात दोर वळत ऐकत होतो.

"खोकतो गो, रातभर खोकतो. सकाळी पाळीवरून आला की सगळे आडवे होतात, आणि हा गॅलरीत नमस्कार घालतो. मधी बसतो, खोकतो, परत उठतो. आम्ही म्हटलं, मेल्या, सोड ना. तर म्हणतो, दादाला कार्ड घालायचंय, खोटं कसं लिहू."

तो गेला. भावजय दाराआड आली. एरवी दोन शब्द बोलायची. त्या दिवशी सरळ म्हणाली, "भावोजी, कार्ड लिहा. लिहा, दादांची पाठ धरली, आषाढापासून दादांचे बंद हायत. तेव्हा तुम्हीही सोडा. एवढंच लिहा."

बंदरावरची बोली तिला नवऱ्याने सांगितलेली असणार.

मी दौत घेतली. लिहिलं ते असं: इकडील सर्व खुशाल. नेम चालू आहे. तू प्रकृतीस जपून करावे.

"वाचून दाखवा," ती म्हणाली.

मी बोट अक्षरांखाली धरून वाचलं. तिने जे सांगितलं होतं तेच वाचलं, शब्द न् शब्द. कार्डावर ते नव्हतं.

"आणखी एकदा वाचा, भावोजी."

मी आणखी एकदा वाचलं. तिने पदर डोळ्यांना लावला आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी पालीला जाऊन कार्ड मीच पेटीत टाकलं. वाटेत फाडून दुसरं लिहावं असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा मी पाय उचलून चालू लागलो.

वैशाखाच्या शेवटी, बोटी बंद व्हायच्या आधी, तो परत आला. मी बैलगाडी घेऊन बंदरावर गेलो. त्याचं गाठोडं मी एका हाताने उचललं, आणि त्याला गाडीत चढवताना कळलं की तोही एका हाताने उचलला जाईल. गाडी चढण चढत होती तेव्हा तो म्हणाला, "दादा, परवापर्यंत घातले. बोटीत जागाच नव्हती, तेवढा एक दिवस बुडला. तू जिंकलास."

मी बैलांना हाकलं. म्हणालो, "निजून रहा. धक्के बसतील."

तेव्हा सांगता आलं असतं. गाडीत आम्ही दोघेच होतो.

घरी भावजय पेजेची वाटी घेऊन आली. आई जवळ होती, मी होतो, तरी ती थांबली नाही. म्हणाली, "कळवलं होतं ना तुम्हाला? दादांचे बंद हायत, तुम्ही सोडा, म्हणून कार्ड घातलं होतं ना? मग का नाय सोडलंत?"

त्याने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मी खांबाला टेकून उभा होतो. माझा चेहरा त्याने वाचला असावा. मी त्याला लहानपणापासून ओळखतो तसा तोही मला ओळखत होता.

"आलं होतं गो कार्ड," तो म्हणाला. "मलाच हट्ट."

आणि वाटी तिच्या हातातून घेऊन पेज प्यायला लागला.

रत्नागिरीहून डॉक्टर आणला. त्याने छातीला नळी लावली, पाठीवर बोटं वाजवली आणि मला बाहेर नेऊन सांगितलं की दोन्ही बाजू गेल्या आहेत. हा मनुष्य सहा महिन्यांपूर्वीच अंथरुणावर निजवायला हवा होता. मी मान हलवली.

तो अडीच महिने जगला. त्या अडीच महिन्यांत त्याने कार्डाचं नाव काढलं नाही. रागाने बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. एकदाच, मी त्याचं अंथरूण झाडून देत होतो, तेव्हा म्हणाला, "दादा, पाठ कशी हाय आता?"

"बरी आहे."

"खाली वाकताना जपत जा."

श्रावणात तो गेला. चौदाव्या दिवशी पहाटे मी खळ्यात उतरलो आणि शंभर नमस्कार घातले. पाठ ठणकली, पण सगळे पुरे झाले. पुढे वर्षानुवर्षं चुकवले नाहीत. कुणासाठी घालत होतो ते मला विचारू नका. लोक पाहुण्यांना घेऊन येऊन माझे दंड दाखवायचे, नेम असावा तर असा म्हणायचे. मी शर्ट घालून घरात जायचो.

आई गेली, मग भावजय आणि मी राहिलो. बायका बसायला आल्या की नवऱ्याची गोष्ट निघायची आणि ती सांगायची, "आमचे हट्टी. भावोजींनी बिचाऱ्यांनी लिहून कळवलं, स्वतःचा कमीपणा घेतला, तरी ऐकलं नाय." ओटीवर मला सगळं ऐकू यायचं.

एकदा, तिचे केस पिकले होते तेव्हा, जेवताना मी म्हणालो, "बाय, ते शिमग्यातलं कार्ड…"

ती भाकरी वाढत होती. म्हणाली, "जाऊ दे भावोजी. तुम्ही तुमचं केलंत. आता कशाला स्वतःला खाता?"

तिने भाकरीवर कुळथाचं पिठलं घातलं. मी जेवलो.