बॉनेटखालचा नैवेद्य

गाडीतल्या मला दोनच गोष्टी कळतात. पेट्रोल कुठून टाकतात ते, आणि गाडी बिघडली की दोष कुणाचा ते. दुसऱ्या गोष्टीत आपण चुकत नाही असा माझा पक्का समज होता. शिरड शहापूरजवळच्या एका शाळेचा मी मुख्याध्यापक. वर्गात गलका झाला की "कोण बोललं रे?" असं विचारायचं आणि उत्तर यायच्या आत जवळच्या पोराचा कान धरायचा, यात माझी पंचवीस वर्षं गेली. तीच पद्धत मी गाडीला लावली.

गाडी छोटी, पांढरी, जुनी घेतलेली. "डॉक्टरांच्या हातची आहे" म्हणून एजंटाने गळ्यात मारली. डॉक्टर जनावरांचे होते आणि मागच्या सीटवरून वासरं नेत होते हे नंतर वासावरून कळलं. तरी दोन वर्षं बरी चालली. मग यंदा हळद काढणीच्या दिवसांत औंढ्याहून येताना पुढून वाफ निघाली. रेडिएटर गळत होता.

आमच्या फाट्यावर तेव्हा नवीनच गॅरेज निघालं होतं. मिस्त्री जवळच्या तांड्यावरचा, तिशीतला माणूस. दहा-बारा वर्षं पुण्याकडे दुसऱ्याच्या गॅरेजात राबला आणि आता गावाकडेच राहायचं ठरवून बायको-लेकीला घेऊन परत आला. पोरगी आमच्याच शाळेत तिसरीला. मी गाडी दिली. त्याने दोन दिवसांत रेडिएटर दुरुस्त केला, मला शेजारी बसवून नांदेड रस्त्याला लांबवर फिरवून आणलं आणि इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या काट्याकडे बोट दाखवलं. काटा मध्यावर शांत.

इथपर्यंत सगळं बराबर होतं. इथून पुढे मी सुरू होतो.

दुरुस्त होऊन आलेल्या गाडीची पूजा करायची आमच्या घरची रीत. बायकोने ताट आणलं, म्हणाली, "अहो, टायरपुढे नारळ फोडा नि चला आत. शेंगांची चटणी वाटायची राहिलीय."

पण दुरुस्ती झाली आत आणि नारळ फुटणार बाहेर, हे काही मला पटेना. देवाला नेमकी जागा दाखवायला नको? मी बॉनेट उघडलं. इंजिनाला हळद लावली, आणि आमच्याकडे हळदीला तोटा नाही, त्यामुळे चांगली मूठभर लावली. बॅटरीशेजारच्या लोखंडी पट्टीवर नारळ फोडला. पाणी जमिनीवर सांडू न देता सगळीकडे फिरवून घातलं. मग नैवेद्याला जागा शोधू लागलो, तर बॅटरीच्या बाजूला एक काळी चौकोनी डबी दिसली. वर झाकण, पाटासारखं सपाट. एका बाजूची कडी तुटल्याने झाकण जरा उचललेलं होतं, ते मी अंगठ्याने दाबलं आणि त्यावर गूळ-खोबरं ठेवलं. नैवेद्य दाखवून लगेच उचलू नये म्हणतात. मी तो उचललाच नाही. हात जोडले आणि बॉनेट लावून टाकलं.

"आत काहून ठेवला?" बायकोने विचारलं.

"तुला त्यातलं कळत न्हाई," मी म्हणालो.

चार-पाच दिवसांनी डोंगरकडा गावाला एका सोयऱ्याकडे भेटायला गेलो. त्यांच्या घरचे म्हातारे वारले होते. अंगणात गाडी लावून मी बैठकीत जाऊन बसलो. अशा ठिकाणी काय बोलावं हे कुणालाच सुचत नसतं, सगळे खाली मान घालून सतरंजीचे धागे मोजतात. तशी मोजणी चालू असताना अंगणात हॉर्न वाजला. एकदा नव्हे, लागूनच राहिला. किल्ली माझ्या खिशात, गाडीत कुणी नाही आणि हॉर्न गावभर. आतल्या खोलीतून एक ऐकायला कमी असलेली म्हातारी मोठ्याने म्हणाली, "कोणाचं वऱ्हाड आलं गं?"

मी पळत गेलो. किल्ली लावली, काढली, पुन्हा लावली. शेवटी त्या घरच्या थोरल्या लेकाने, ज्याच्या बापाला जाऊन चार दिवस झाले होते, बॉनेटवर एक बुक्की मारली तेव्हा हॉर्न थांबला. मला वाटतं ती बुक्की त्याला माझ्या पाठीत मारायची होती.

मग रोज नवीन प्रकार. कडक उन्हात वायपर चालू. डावीकडे वळायचा दिवा लावला की समोरचा मोठा दिवा उघडझाप करी. गाडी बंद करून मी जेवायला बसलो तरी इंजिनासमोरचा पंखा घरघर फिरतच राही, आणि बॅटरी उतरे. शाळा सुटल्यावर तीन शिक्षकांना धक्का द्यावा लागला. मुख्याध्यापकाच्या गाडीला धक्का देताना त्यांच्या तोंडावर जो आनंद होता, तो मी बक्षीस समारंभातही पाहिला नव्हता.

दोष कुणाचा हे मला लगेच कळलं. गाडीला हात कुणी लावला? मिस्त्रीने. पंखा कुठे असतो? रेडिएटरला चिकटून. झालं, कान धरला.

मी गॅरेजात गेलो तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांना ऐकू जाईल इतपत आवाज चढवला.

मिस्त्री शांतपणे म्हणाला, "सर, रेडिएटरचा न् हॉर्नचा काई संबंध न्हाई. गाडी एक दिवस ठेवून जा. वायरिंग बघून सांगतो."

"ठेवू कशाला? अजून काही बिघडवायचं राहिलंय का?"

"मी बघितल्याबिगर कसं सांगू, सर?"

"बघितलं तेव्हाच तर हे झालं!"

गिऱ्हाइकं हसली. मला वाटलं, काय बोललो आपण! घरी येईपर्यंत ते वाक्य मी मनात तीनदा म्हणून पाहिलं. मग ते एवढ्या कमी लोकांनी ऐकलं याचं वाईट वाटू लागलं आणि मी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: "सस्नेह नमस्कार. फाट्यावरील नवीन गॅरेजात वाहन देताना सावध राहावे. रेडिएटर दुरुस्त करताना सदर कारागिराने माझ्या वाहनाची संपूर्ण वायरिंग नादुरुस्त केली आहे. जनहितार्थ." 'सदर' आणि 'जनहितार्थ' हे दोन शब्द घातले की आमच्याकडे कुठलीही गोष्ट खरी होते. त्यात खाली मुख्याध्यापकाचं नाव. अंगठे वर झाले, हात जोडले गेले, कुणी "बराबर हाय गुरुजी" म्हणालं. ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नव्हती त्यांनीही मजकूर पुढे पाठवला. संध्याकाळी तो औंढ्याहून फिरून माझ्याच मेव्हण्याकडून मला परत आला, वर "काळजी घ्या" असं लिहून.

पंधरा दिवस मी बाजारात ताठ मानेने फिरलो. गाडी मात्र घेऊन फिरत नव्हतो.

एका सकाळी मिस्त्री शाळेत आला. हात धुतलेले, सदरा इस्त्रीचा. त्याने टेबलावर अर्ज ठेवला. पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे होता.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की तिसरीचा पट एकाने कमी होणार. हे लिहिताना लाज वाटते, पण तोच आला.

"मध्येच का नेताय? परीक्षा जवळ आलीय."

"पुण्याला जुना मालक घेतो म्हणला कामावर. इथं आता गाडी कोणी आणून न्हाई राहिलं, सर. हळदीचा एक टेम्पो लागला होता दारात, तोबी अर्धा खोललेला वढून नेला मालकानं." त्याने माझ्याकडे न बघता अर्ज सरळ केला. "पोरगी रडून राहिली. तिला हितं आवडलं होतं."

मी चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात मैदानात माझी गाडी ओरडायला लागली.

त्या दिवशी अंगात ताप होता म्हणून मी ती आणली होती. हॉर्न थांबेना. वर्गावर्गातून पोरं खिडक्यांना लागली. मी खुर्चीतून उठलो खरा, पण जाऊन करणार काय? मिस्त्री माझ्याआधी बाहेर गेला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने दार उघडून बॉनेटचा खटका ओढला, बॉनेट वर केलं आणि त्या काळ्या डबीचं झाकण काढलं.

आत मुंग्या होत्या. किती म्हणजे, डबी मला आधी हलताना दिसली आणि मग मुंग्या दिसल्या. वितळून खाली उतरलेला गूळ, खोबऱ्याचे तुकडे, हिरवट पडलेल्या पितळी पट्ट्या आणि सगळ्यावर पिवळी हळद. त्याने काडेपेटीएवढा एक चौकोनी खटका उपटून काढला, तसा हॉर्न गप झाला. गाडीतल्या सगळ्या विजेचा कारभार त्या डबीतून चालतो, हे मला त्या दिवशी कळलं. हॉर्न, पंखा, दिवे, वायपर, सगळ्यांचे खटके तिथेच. मी नैवेद्य ठेवला होता तो गाडीच्या मेंदूवर.

मिस्त्रीने बोटावर लागलेलं हुंगलं.

"सर, हितं नारळ कोणी फोडला?"

आमच्या शाळेतले शिपायापासून पहिलीच्या पोरापर्यंत सगळे तिथे जमले होते. पंचवीस वर्षांत मी हजारदा विचारलेला प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं, आणि हा माणूस उत्तराची वाट बघत होता. कान धरत नव्हता.

"मी," म्हणालो.

"पाणीबी घातलं?"

"घातलं."

"सगळं?"

"सगळं."

पोरं हसायला लागली. मिस्त्री हसला नाही. गॅरेजातून फवाऱ्याचा डबा आणि ब्रश आणून त्याने तासभर ती डबी साफ केली, गंजलेले खटके बदलले, झाकणाची तुटलेली कडी तारेने पक्की केली आणि निघाला. मी म्हणालो, "अर्ज घेऊन जा."

"त्यानं काय होतं, सर? गाडी तुमची नीट झाली. माझं गिऱ्हाईक कुठं नीट झालं?"

त्याच दुपारी मी ग्रुपवर लिहिलं. चूक माझी होती, कारागीर निर्दोष आहे, काळ्या डबीत मीच नारळाचं पाणी ओतलं, सगळं सविस्तर. यावेळी 'सदर' घातलं नाही. वाटलं, मनापासून लिहावं. पहिलं उत्तर आलं, "गुरुजी, फोन कोणाच्या हातात हाय?" दुसरं, "दबाव आलेला दिसतो." तिसऱ्याने धीर दिला, "भिऊ नका गुरुजी, आमी पाठीशी हाव." मी पुन्हा लिहिलं की खरंच मीच केलं. त्यावर एक शहाणा म्हणाला, शिकलेला माणूस असं करीलच कसा? खोटं लिहिलं ते पंधरा मिनिटांत पटलं होतं. खरं पटवायला माझं शिक्षण आडवं येत होतं.

बायको चपात्या लाटत म्हणाली, "तोंडानं सांगा. शिव्या घालायला गेला होतात न् स्वतःच्या पायानं?"

म्हणून आठवडी बाजाराच्या दिवशी मी गाडी नेऊन गॅरेजपुढे लावली, बॉनेट उघडं ठेवलं आणि उभा राहिलो. मिस्त्रीने काढून टाकलेले मुंग्यांचे खटके एका वाटीत ठेवले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून मी सांगू लागलो. पहिल्या दोघा-तिघांना दोन वाक्यांत उरकलं. पण माझा स्वभाव असा की चार माणसं ऐकायला थांबली की मी खुलतो. डोंगरकड्याच्या म्हातारीपर्यंत आलो तेव्हा वीसेक माणसं उभी होती आणि भाजीच्या पिशव्या खाली ठेवलेल्या होत्या.

"गुरुजी, इंजिनाला आंघोळ घातली, मग टॉवेल-टोपी काहून न्हाई दिली?" पागोटेवाले एक आजोबा म्हणाले.

"आरती म्हणली का न्हाई?"

"मुंग्यांचा पट किती भरला, गुरुजी? शाळेपेक्षा बराच दिसतो!"

हे शेवटचं लागलं. पण लोक हसत हसत वाटीत बघत होते, बॉनेटखाली वाकत होते आणि आपापल्या गाड्यांबद्दल मिस्त्रीला विचारत होते. हळदीच्या टेम्पोचा मालकही त्यांच्यात होता. त्याने वाटीतला एक खटका उचलून बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमच्या भरवशावर मी चालू काम मोडून गाडी वढून नेली, गुरुजी. दुसऱ्यानं अजून हात लावला न्हाई तिला." टेम्पो दुसऱ्या दिवशी दोरीने ओढत फाट्यावर परत आला.

आठ दिवसांनी, शाळा सुटायच्या वेळी, मिस्त्री पोरीला न्यायला आला. हात काळे, सदरा कळकट. मला बरं वाटलं. मी कपाटातून त्याचा अर्ज काढला आणि त्याच्यासमोर फाडायला दोन्ही हातांत धरला.

"फाडू नका, सर," तो म्हणाला. "राहू द्या फायलीत."

"का? आता तर काम आहे ना?"

"काम लई हाय." त्याने पोरीचं दप्तर खांद्याला लावलं. "पण तुमचा फोन अजून तुमच्याकडंच हाय."

अर्ज फायलीत आहे.