माइकवरून मामांना हाक

लग्नाच्या हॉलमध्ये माइक माझ्या हातात आला की पंखेसुद्धा दबकून फिरायचे. कल्याणपासून कळव्यापर्यंत असा एकही हॉल नसेल, जिथे मी कोणाच्या तरी काकाचं सगळ्यांसमोर भरीत केलेलं नाही. तीनशे पाहुणे, त्यांची नावं, गावं, रुसवेफुगवे, सगळं डोक्यात. कागद हातात असलाच तर वारा घ्यायला. टक्कल, पोट, मोडलेला साखरपुडा, मला काही वर्ज्य नव्हतं. हॉल हसायचा. ज्याच्यावर हसायचा तोही हसायचा. दुसरं काय करणार बिचारा?

मग एका वर्षी मीच बंद पडलो. तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडलेलो. डोंबिवलीच्या आमच्या घरातला रंगाचा एकेक पोपडा मला नावानिशी ओळखायला लागला. शेवटी बायकोने ठाण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रोजची एक गोळी लिहून दिली आणि मी तीन महिन्यांतलं पहिलं पूर्ण वाक्य बोललो, "याने डोकं बोथट होईल का?"

डॉक्टर म्हणाले, "ते आत्ता बोथटच आहे, आजाराने. गोळीने बहुतेकांचं सुधारतं. काहींना थोडं सुस्त वाटतं. तसं वाटलं तर मला सांगा, बदलून बघू. फक्त मनाने बंद करू नका."

गोळीने मी उठलो. आवाज आला, नावं आली, माइक आला. तक्रार एकच, टोमणा अर्धा सेकंद उशिरा यायला लागला. बायको म्हणाली, "त्या अर्ध्या सेकंदात तुम्ही विचार करता. सवय नाही ना, म्हणून जड जातंय."

माझी धाकटी बहीण कळव्याला घरीच दहावीच्या गणिताचा क्लास घेते. पुढच्या वर्षी तिचंही तेच झालं. फळ्यासमोर खडू धरून उभी, आणि डोळ्यांतून धारा. डॉक्टरांनी तिलाही गोळ्या दिल्या, पण त्या पर्समध्येच पडून होत्या.

"दादा, डोकं हेच माझं दुकान आहे," ती म्हणाली. "तेच बंद पडलं तर?"

"माझं पडलंय का?"

"ते बघणारच आहे. शहाडच्या लग्नाला तू माइकवर, आणि नवरी माझी विद्यार्थिनी. मी पहिल्या रांगेत बसणार. सगळं नीट केलंस तर संध्याकाळपासून मी गोळी सुरू करते. एक जरी घोळ घातलास तर सगळ्या कचऱ्यात."

म्हणजे तिचं बरं होणं माझ्या जिभेवर! मग मला तो अर्धा सेकंद परत हवासा झाला. लग्नाआधी नऊ दिवस मी कोणालाही न विचारता गोळी बंद केली. बहिणीने गोळी घ्यावी म्हणून मी माझी सोडली. असा दीडशहाणा अख्ख्या ठाणे जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही.

चौथ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात ठिणगी उडायची. जमीन होडीसारखी डुलायची. पण टोमणे! ते तर माझ्याआधी हॉलवर पोचत होते.

नवरीच्या वडिलांनी मला तीनदा बजावलेलं. "भाऊ, मुलीचे मामा दोन महिन्यांपूर्वी गेलेत. हिची आई अजून सावरलेली नाही. मुलीला काका घेऊन येतील. मामांचं नाव काढू नका."

"अहो, मी माइकवर जन्मलोय," मी म्हणालो.

मुहूर्त आला. अंतरपाट धरला. डोक्यात ठिणगी उडाली आणि तोंडातून हजार लग्नांची सवय बाहेर पडली, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या!"

दारात नवरी काकांचा हात धरून थिजली. तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण हॉल गप्प झाला, आणि गप्प हॉल मला सोसत नाही. "मामा, ओ मामा! कुठे लपलात? मेकअप व्हायचाय का अजून?"

नवरीची आई उठली, स्टेजपाशी आली. आवाज हळू होता, पण माझ्या माइकने तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला. "झाला होता हो मेकअप. मीच पावडर लावली होती, न्यायच्या आधी."

अक्षता कशाबशा पडल्या. नवरीच्या वडिलांनी मला हात धुवायच्या जागेपाशी ओढलं. ते काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "साहेब, डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. मेंदूच चालत नाही हो त्याने."

केवढं सोपं! गोळी काही उलट बोलत नाही. ते मान हलवून निघून गेले. मागे बहीण उभी होती. तिने पर्समधून तिची स्ट्रिप काढली आणि खरकट्याच्या ड्रममध्ये टाकली. मी बघत राहिलो.

"तुझ्यापण दे," असं म्हणून तिने माझी बॅग उघडली. मग स्ट्रिप हातात धरून थांबली. "ही मीच आणून दिलेली. नऊ दिवस झाले. एकही फोडलेली नाही." तिने वर बघितलं. "मग मघाशी कोण बरळलं?"

"मीच."

"आणि मला ड्रमपर्यंत जाऊ दिलंस?" ती माझी बहीण आहे म्हणून सांगत नाही, पण त्या नजरेने कढईतलं तेल गोठलं असतं. "जा. माइकवर सांग. सगळ्यांना."

गेलो. आयुष्यात पहिल्यांदा माइकवर निव्वळ खरं बोललो. गोळी मी स्वतःच सोडलेली, जीभ चुरचुरीत व्हावी म्हणून. गोळीचा काही दोष नाही. मेलेल्या माणसाची चेष्टा मी केली, आणि वर खोटंही बोललो.

हॉल खदखदून हसला. शिट्ट्या आल्या. कोणीतरी ओरडलं, "भाऊ, वन्स मोअर!" त्यांना वाटलं, माझी नवी थाप. तीस वर्षं थापा विकल्यावर दुसरं काय वाटणार? नवरीची आई तेवढी हसली नाही. ती उठून आत गेली.

परत आलो तेव्हा बहिणीने पदर खोचला होता आणि कोपरापर्यंत हात खरकट्याच्या ड्रममध्ये होता. स्ट्रिप सापडली. तिने त्यावरची बासुंदी रुमालाने पुसली, नळाखाली धुतली, एक गोळी फोडली आणि पाण्याबरोबर गिळली.

"हसतायत ना अजून?" तिने विचारलं.

"हो."

"हसू दे. आता तुझ्या डॉक्टरांना फोन लाव. स्पीकरवर ठेव. नऊ म्हणजे नऊच सांगायचे, दोन नाही."

मी नंबर काढला. हॉलमध्ये अजून शिट्ट्या वाजत होत्या.