कुसुमवहिनीने पळवलेला लाडवांचा डबा

कुणाकडेही गेली की कुसुमवहिनी आधी फ्रीज उघडायची. "काय गो, कालचीच भाजी?" हाच तिचा नमस्कार. मूळची चिपळूणची; ओमानमधल्या बरक्यात आमच्या समोर राहायची. देवाघरी जाऊन तिला आता चार वर्षं झाली.

एकदा दवाखान्याच्या पायरीवर टॉवेलात गुंडाळलेली तान्ही मुलगी सापडली. तिच्या आईला शोधत पोलीस दारोदार फिरू लागले. आमच्याकडे हिंदी बोलणारी ओमानी पोलीसबाई आली. वहिनी माझ्याकडेच होती. लेकीचं बाळंतपण जवळ आलेलं, म्हणून मी डिंकाचे लाडू वळत होते. "ये क्या है?" बाईने विचारलं. चोपन्नाव्या वर्षी मला कुणालाही शिकवायची भारी हौस. म्हटलं, "बच्चा होने के बाद माँ खाती है."

बाईचं पेन थांबलं. "इस घर में बच्चा किसको हुआ?"

आमच्या ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनाही शंका आली.

"इसको?" वहिनी पदरात हसली. "मॅडम, इसको जमीन से उठाने को दो आदमी लगता है."

मी रुसले. संशय घेण्याइतकी तरुण दिसते, याचा जरा आनंद झाला होता ना!

पोलीसबाई मात्र हसली नाही. "वो माँ कहीं अकेली है. इलाज नहीं मिला तो मर जाएगी."

"मिली तो जेल?" वहिनीने विचारलं.

"पहले हॉस्पिटल. बाद में शायद जेल भी."

बाई गेली आणि वहिनीने माझा डबा उचलला. "आधी पोटात घालायचं, मग विचारायचं," म्हणत गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या पोरींच्या खोल्या पालथ्या घातल्या. मागे मी, गुप्तहेर असल्यासारखा काळा चष्मा लावून. शिवणाच्या दुकानामागे एक पोर तापाने फणफणलेली. तिने दोन्ही हातांनी लाडू घेतला. कुर्ता दुधाने भिजलेला. मी तोंड उघडणार, तोच वहिनीने मला चिमटा काढला.

"चल, बच्ची के पास जाएंगे."

"पुलिस?"

"है. झूठ क्यों बोलूँ? पर तू मर गई तो उसका कौन?"

पोर उठली.

हॉस्पिटलात सलाईन लागलं, नर्सने बाळ आणून तिच्या कुशीत दिलं. पोलीसबाई कागद घेऊन आली. वहिनी पलंगासमोर आडवी उभी राहिली. "मॅडम, पी रही है. होने दो."

बाईने कागद मिटले, खुर्ची भिंतीकडे फिरवून बसली. मी मात्र पलंगाकडे टक लावून बघतच होते. मग मान न वळवताच बाई मला म्हणाली, "आप भी."