दुसरा हॉर्न

इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेच्या एशिया-लाडनमधून, म्हणजे आशियाई वाणसामानाच्या दुकानातून आणलेली गवती चहाची जुडी काल सोडली आणि त्या वासासरशी मी २००५ सालच्या कंबोडियात जाऊन पोचलो.

नवं लग्न, जर्मनीतल्या नोकरीची पहिली मोठी सुट्टी. बस थांबली होती, टपरीवर गवती चहाचं पातेलं उकळत होतं. एक वाळलेली, अनवाणी बाई आली आणि तिनं आपलं तान्हं बाळ माझ्या बायकोपुढे, मेधापुढे धरलं. आपल्याकडे कुणी बाळ पुढे केलं की हात आपोआप पुढे होतात, तसे मेधाचे झाले. बाई वळली आणि पत्र्याच्या झोपड्यांमागे दिसेनाशी झाली.

"अहो, ही गेली कुठे?"

बाळाच्या बरगड्या दिसत होत्या. ते रडतही नव्हतं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ही आलीच नाही तर? पोलीस, पासपोर्ट, जर्मनीचा व्हिसा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. दुसरा हॉर्न वाजला.

तेवढ्यात ती धापा टाकत आली, दोन्ही हातांत पाण्याचे जड डबे घेऊन. डबे ठेवून तिनं बाळ घेतलं आणि हसली.

बसमध्ये मेधाचे डोळे भरून आले. "किती विश्वासानं दिलं हो तिनं आपल्याकडे!"

तेव्हा त्या बाईची भीती वाटली होती, आता माझीच वाटते. दुसऱ्या हॉर्नला मी रुमालानं टपरीचं बाकडं पुसून घेतलं होतं, बाळाला ठेवता येईल एवढंच. मेधाला वाटलं, मी तिला बसायला जागा करतोय.